नाटक संपलं, वही उघडा

गुरुवारी तिसऱ्या तासाला सरांच्या हातातून खडू पडला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या मी भिंतीपलीकडे वाचनालयात ऐकल्या. मी पुस्तकांवर नंबर घालत होते. मी उठले नाही.

टाळ्या का, ते आधी सांगायला हवं, नाही तर नववी ब च्या मुलांबद्दल गैरसमज होईल. ती मुलं उगाच कशालाही टाळ्या वाजवणारी नव्हती. प्रजासत्ताक दिनाला संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण संपलं की शिपाईमामांना मागे उभं राहून हातांनी खुणा कराव्या लागत, तेव्हा कुठे मैदानावर टाळ्या पडत. सरांसाठी मात्र खुणा लागत नसत.

सर आमच्या भाईंदर पश्चिमेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निदान वेळापत्रकात तसं लिहिलेलं असे. प्रत्यक्षात ते चेतासंस्था शिकवायचे आणि उरलेल्या तासांत बाकीचं विज्ञान उरकायचे. प्रकाशाचं परावर्तन दोन तासांत संपे. "परावर्तन काय, घरी जाऊन आरशात बघा. जे दिसेल त्याला मी जबाबदार नाही." मेंदूला मात्र तीन आठवडे. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, की परीक्षेत या धड्याला मोजकेच गुण असताना एवढा वेळ का? सर म्हणाले, "साहेब, बाकीचे सगळे धडे समजायला हाच अवयव लागतो. ज्यांच्याकडे नसतो, त्यांची मला चिंता नाही, त्यांची सोय होते." मुख्याध्यापकांनी यावर विचार करायचं टाळलं.

तर त्या तीन आठवड्यांत एक दिवस नाटक व्हायचं. सर उजव्या हाताने फळ्यावर लिहायचे आणि डाव्या हातात एक जादा खडू धरायचे. बोलता बोलता तो जादा खडू खाली पडायचा. मग तोंडाचा डावा कोपरा उतरायचा, डावा गुडघा वाकायचा आणि सर मागे खुर्चीत बसायचे. खुर्ची अर्थात आधीच सरकवून ठेवलेली असे. मग जड जिभेने विचारायचे, "कुठला... भाग... गेला?" वर्गाने ओरडायचं, "उजवा! सर, उजवा मेंदू!" कारण मेंदूतून निघालेल्या बहुतेक तारा खाली येताना बाजू बदलतात. उजवीकडचा साहेब डावीकडचं खातं सांभाळतो आणि डावीकडचा उजवीकडचं. जो पहिला ओरडेल, त्याला सर उजव्या खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचे. टाळ्या व्हायच्या. मग सर ताडकन उठून पँट झटकायचे आणि म्हणायचे, "नाटक संपलं, वही उघडा."

आमच्यामधली भिंत अर्ध्या विटेची. चौदा वर्षं मी हे वाक्य भिंतीतून ऐकलं. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना आधीच सांगून ठेवत, त्यामुळे नाटकात नवीन काही उरलेलं नव्हतं. तरी टाळ्या पडत.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर सरांचा माणूस टांगलेला असे. सर मूळचे जवळच्याच राई गावचे, वडील खाडीत मासे मारायचे, आणि सरांना पुस्तक उघडायच्या आधी जाळं विणता येत होतं. शेजारच्या तारोडी गावातल्या एका मित्राच्या होडीवरचं टाकून दिलेलं जाळं आणून त्यांनी हात पसरलेला, पुरुषभर उंचीचा माणूस केला होता. डोक्याच्या जागी गुंडाळलेल्या दोराचा गोळा, डोळ्यांच्या जागी जाळ्याची दोन बुचं. डोक्यापासून कमरेपर्यंत जाड दोर, तो मेरुरज्जू. त्यातून दोन्ही बाजूंना एकतीस जोड्या फुटलेल्या, प्रत्येक जोडी गाठ मारून. निळा दोरा बातमी आणणारा, नारिंगी दोरा हुकूम नेणारा. बोटांच्या टोकांना जाळं अगदी बारीक भोकांचं, पाठीवर मोठ्या भोकांचं, कारण बोटांना सगळं बारीक कळतं आणि पाठीला ढोबळ. "म्हणूनच माणसं पाठीत खुपसतात," सर सांगायचे. "तिथे जाळं विरळ असतं. टीचर्स रूममध्ये बसताना पाठ भिंतीला लावून बसावं."

या माणसाच्या आधाराने सरांनी आमचीही वर्गवारी करून ठेवली होती. मुख्याध्यापक म्हणजे मस्तिष्कपुच्छ. श्वास, ठोके, सह्या, सगळं विचार न करता चालू राहतं. संस्थेचे विश्वस्त म्हणजे स्वायत्त चेतासंस्था, त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. ऑफिसातले क्लार्क म्हणजे दोन चेतापेशींमधली फट. निरोप तिथे येऊन थांबतो आणि रसायन सुटल्याशिवाय पुढे जात नाही. "आपल्याकडे रसायन म्हणजे कटिंग चहा." मी एकदा विचारलं, "आणि मी, सर?" ते म्हणाले, "तुम्ही स्मरणशक्ती, बाई. सगळं आहे, पण कोणी मागायला येत नाही." वाचनालयात त्या आठवड्यात एक मुलगा आला होता, तोही बस पास शोधायला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण उदाहरण अचूक होतं.

एकदा शाळेची तपासणी झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी सरांना विचारलं, की या धड्यातून विद्यार्थ्यांच्या वर्तनात नेमका काय बदल होतो? सरांनी त्यांना अतिशय आदराने टेबलावर बसवलं, "पाय लोंबू द्या, साहेब," म्हणाले आणि गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने टोला दिला. साहेबांचा पाय उडाला आणि शिपाईमामांच्या हातातल्या ट्रेला लागला. चहा मुख्याध्यापकांच्या सफारीवर.

"बघा," सर मुलांना म्हणाले, "हा हुकूम मेंदूतून आला नाही. बातमी मेरुरज्जूपर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. मेंदूला नंतर कळवण्यात आलं. साहेबांना हे नवीन नाही, यांच्या ऑफिसात रोज असंच चालतं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "साहब का करंट चालू है!"

तपासणीचा अहवाल काय आला, ते आम्हाला कळवण्यात आलं नाही. पण पुढच्या वर्षी वर्गात स्मार्ट बोर्ड बसला. त्यात रंगीत मेंदू होता आणि तो गोल फिरायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, आता हे जाळंबिळं उतरवा. पालक विचारतात, ही शाळा आहे की मासळी बाजार?" सर म्हणाले, "मासळी बाजारात माल ताजा नसला तर गिऱ्हाईक बोलून दाखवतं, साहेब. इथे कोण बोलतं?" जाळं राहिलं. स्मार्ट बोर्ड दुपारच्या वेळी बंद पडायचा, आणि सर त्याच्यावर ओला रुमाल वाळत घालायचे.

त्या गुरुवारी फळ्यावर चेतासंस्था लिहिलेलं होतं. मुलं वाटच बघत होती. खडू पडला, तोंड उतरलं, सर खुर्चीत बसले. त्यांनी प्रश्न विचारला की नाही, यावर मुलांचं नंतर एकमत झालं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली, "उजवा!" सरांनी उजवा हात खिशात घातला, गोळी काढली आणि तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली. टाळ्या पडल्या.

मग ते उठले नाहीत.

"भारी करतायत आज," कोणीतरी म्हणालं. "एकदम ओरिजिनल." मुलं थांबली. सरांचं नाटक लांबलंय म्हणजे पुढे आणखी काहीतरी गंमत असणार, असा त्यांचा हिशेब. आमच्या शाळेत मुलांना शिस्त नाही असं म्हणतात. पाऊण तासाच्या तासात जवळजवळ अर्धा तास ती मुलं शांत बसली. सरांना त्रास होऊ नये म्हणून.

आणि मी. टाळ्यांनंतर एक वाक्य यायचं असतं, हे या इमारतीत मुलांखालोखाल मलाच माहीत होतं. ते आलं नाही. भिंतीपलीकडे शांतता होती. वाचनालयाच्या दारावर मी स्वतःच्या हाताने 'शांतता राखा' अशी पाटी लावली आहे. जिने आयुष्यभर शांतता मागितली, तिला ती आली तेव्हा ऐकू आली नाही. मी नंबर घालत राहिले.

मामा वर्गात नोटीस घेऊन गेले. शिक्षकांसाठी ताणतणावमुक्तीची कार्यशाळा होती, त्यावर सही हवी होती. मामा बाहेर आले ते थेट माझ्याकडे. त्यांच्या वडिलांना अर्धांगवायू होऊन गेलेला होता.

"बाई, चला. सर अर्धंच हसतायत."

मी गेले तेव्हा सर खुर्चीवरून डावीकडे घसरत होते. आम्ही त्यांना उचलून मागच्या दाराने नेलं. जाताना त्यांनी भिंतीवरच्या जाळ्याला उजव्या हाताने धरलं आणि सोडलं नाही. जाळं फाटत खाली आलं. मुख्याध्यापकांनी कोणाला न विचारता, कसलीही नोंद न करता स्वतःची गाडी काढली आणि हायवेच्या बाजूच्या इस्पितळापर्यंत हॉर्नवरचा हात उचलला नाही. मस्तिष्कपुच्छाने विचार न करता काम केलं आणि त्या दिवशी तेच बरोबर होतं. सर शुद्धीवर पुरते असते, तर त्यांना हे मान्य करावं लागलं असतं.

तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं." त्या हे सगळ्यांनाच म्हणत असतील. मी ते माझ्यासाठी ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सरांचा डावा हात उचलून सरांपुढे धरला. "हा हात कोणाचा?"

"तुमचा असेल," सर म्हणाले. बोलणं जड होतं, पण कळत होतं.

"माझे दोन्ही माझ्याकडे आहेत, काका."

"मग वर्गात कोणाचा तरी राहिला असेल. मामांना सांगा, ऑफिसात जमा करा. नाव लिहून."

मी हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं, की मेंदूच्या उजव्या भागाला असा धक्का बसला की कधी कधी माणसाला आपली डावी बाजू आहे, हेच कळेनासं होतं. हात हलत नाही, पण हलत नाही हे त्याला पटत नाही. डावीकडचं जगच नसतं. "ते चेष्टा करत नाहीयेत. त्यांना माहीतच नाही त्यांना काय झालंय."

"त्यांना सगळं माहीत आहे," मी म्हणाले. "ते तीस वर्षं हेच शिकवतात."

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. त्या दिवसापासून मला माया सहन होत नाही.

नववी ब च्या पहिल्या बाकावरची मुलगी वाचनालयात आली. पुस्तक मागितलं नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी गोळी खाल्ली." एवढंच. मी तिला म्हणायला हवं होतं, की मीही बसूनच होते. मी तिला बसायला खुर्ची दिली.

सरांनी लग्न केलं नव्हतं. राईत जुन्या बैठ्या घरात थोरली बहीण त्यांच्याबरोबर राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. घराच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेले, आणि चौथ्या बाजूला खाडी होती म्हणून ती उरली होती. मी दर रविवारी जाऊ लागले. शाळेत फाटकं जाळं फेकून द्यायचं ठरत होतं. मी ते गोणीत भरलं आणि रिक्षाने राईला नेलं. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, मच्छी का बास आ रहा है." मी म्हणाले, "मेंदू आहे." त्याने रिक्षाचा वेग वाढवला.

आक्कांनी ते ओटीवर दोन खुंट्यांना टांगलं. सर समोर खुर्चीत बसत. एका हाताने जाळं विणता येत नाही, म्हणून आक्का ताण धरायच्या आणि सर उजव्या हाताने लाकडी सुई चालवायचे. काम सुंदर होत होतं. फक्त एकाच बाजूचं. त्यांच्या उजवीकडचा अर्धा माणूस गाठीगाठीने पुरा झाला, बोटांच्या टोकांपर्यंत. डावीकडचा अर्धा लोंबत राहिला. सर समाधानाने म्हणाले, "झाला."

मी वाचलं होतं. खरं तर त्या महिन्यात मी दुसरं काही वाचलंच नाही. तीन जाड पुस्तकं मागवली, टिपणं काढली, त्या विकाराची इंग्रजी नावं पाठ केली. सरांना सांगून पाहिलं, "सर, डावीकडचं राहिलंय." ते म्हणायचे, "बाई, चष्मा बदला."

मग एका रविवारी आक्का मला जेवायला वाढता वाढता म्हणाल्या, "पहिलं ना बाय, ह्यो अर्धी भाकर टाकाचा. आमटी टाकाचा. मना वाटलं, माझ्या हातची चव गेली. रडली मी."

"मग?"

"मंग काय, मी ताट फिरवलं. फिरवलं का खातो बराबर. त्याला सांगाचं न्हाय, गप फिरवाचं. सांगितलं का भांडतो, फिरवलं का खातो."

मी माझी तीन पुस्तकं आठवली. ती अजून परत करायची होती.

जेवण झाल्यावर सर आत लवंडले, तेव्हा आम्ही दोघींनी जाळं खुंट्यांवरून काढलं आणि उलटं करून टांगलं. लोंबणारी बाजू त्यांच्या उजवीकडे आली. चार वाजता सर येऊन बसले.

"हा पाठमोरा का उभाय?" बुचांचे डोळे भिंतीकडे गेले होते.

"कंटाळला असेल, सर."

"माझ्या वर्गात पाठ करून उभं राहायचं नाही." मग त्यांना फाटका हात दिसला. "आणि याची ही दशा कोणी केली? मी परवाच पुरा केला होता."

"उंदीर असतील."

"विश्वस्त असतील," सर म्हणाले. त्यांनी सुई मागितली.

ते काम पावसाळाभर चाललं. एकतीस जोड्यांच्या राहिलेल्या एकतीस बाजू. मधे कधीतरी, आक्का चहा ठेवायला आत गेल्या असताना, त्यांनी सुई थांबवली. माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, त्या दिवशी नाटक कसं झालं?"

मी म्हणाले, "टाळ्या पडल्या."

"ते आठवतंय. शेवटचं आठवत नाही. मी 'नाटक संपलं' म्हटलं का? तुम्हाला पलीकडे ऐकू जातं."

इतके महिने मी याच प्रश्नाची वाट बघत होते आणि याच प्रश्नाला भीत होते. खोटं बोलणं सोपं होतं. ते म्हणाले असते 'बरं', आणि मी घरी गेले असते.

"नाही म्हणालात, सर. मी ऐकत होते. नाही म्हणालात, आणि मी उठले नाही."

त्यांनी जाळ्याच्या एका बोटाची गाठ चाचपली. त्यांना कळलं का, हे मला आजही सांगता येणार नाही. वेदना कळवणारा दोरा कुठून कुठे जातो, हे त्यांनी मला कितीतरी वेळा दाखवलं होतं. पलीकडे पोचला की नाही, हे कसं ओळखायचं, ते दाखवलं नव्हतं.

"मग चालूच आहे म्हणायचं," ते म्हणाले. "ताण धरा, बाई. आक्का आत आहे."

मी ताण धरला. पहिल्यांदाच. माझी बोटं दुखली, ती कशी आणि कुठल्या दोऱ्याने, ते त्यांनी विणता विणता सांगितलं.

शेवटची गाठ त्यांनी मारली, आणि त्यानंतर पंधरवड्यात दुसरा झटका आला. या वेळी कोणी वेळ घालवला नाही. आक्का ओरडल्या, शेजारी धावले, गाडी मिळाली, रस्ताही मोकळा होता. उपयोग झाला नाही. शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष सरांविषयी बोलले. ते त्यांना कधी भेटले नसावेत, कारण ते म्हणाले, की सर अतिशय मृदुभाषी होते. मामा मागे उभे होते, पण त्यांनी खुणा केल्या नाहीत.

आक्कांनी जाळं मला दिलं. ते आता वाचनालयात टांगलेलं आहे, डोळे समोर करून. दोन्ही बाजू विणलेल्या आहेत. एका बाजूच्या शेवटच्या दोन बोटांच्या गाठी जरा ओबडधोबड आहेत, तिथे ताण मी धरला होता. दारावरची पाटी मी काढली आहे. पलीकडच्या वर्गात आता दुसरे सर आहेत. ते स्मार्ट बोर्डावर मेंदू फिरवून दाखवतात आणि मुलं कधी कधी टाळ्या वाजवतात.

टाळ्या ऐकू आल्या की मी उठते आणि दारातून बघून येते.